कंदीलवाला सिनेमा

त्या सिनेमाचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आमच्या भिलाईच्या कॅम्पात सगळे त्याला कंदीलवाला सिनेमाच म्हणत. नदीकाठचं गाव, एक नावाडी आणि वैद्याची मुलगी. मुलगी वडलांचं औषध पोचवायला पलीकडच्या गावी जाते, परतताना सांज होते, आणि नावेतून उतरताना ती आपला कंदील मुद्दाम विसरते. नावाडी कंदील घेऊन मागे धावतो. तिनं कडी धरली की यानं सोडायची. एवढ्या मोठ्या सिनेमात दोघांनी एकमेकांचा हात म्हणून धरला नाही. कंदिलाची कडी तेवढी या हातातून त्या हातात.

आमच्या लग्नाच्या वर्षी तुमसरला तंबूतली टॉकीज आली होती, तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. पडद्याच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. बायकांना सगळं चित्र उलटं दिसायचं. परतताना बैलगाडीत मी यांना म्हटलं, नावाडी डावखुरा होता. हे म्हणाले, उजवा. पुढं सासूबाई बसलेल्या, म्हणून आम्ही घर येईपर्यंत कुजबुजत भांडलो. लग्नाला महिना झाला होता आणि आमचं धड असं ते पहिलंच बोलणं.

भिलाईला आलो तेव्हा कारखान्याच्या चिमण्या अर्ध्याच उभ्या होत्या. हे एका ठेकेदाराच्या टोळीत होते. लोखंडाचे मोठमोठे पत्रे जोडायचे, उंचावर चढून रिव्हेटचे तापलेले खिळे दिवसभर ठोकायचे. कॅम्पात टिनाच्या खोल्यांची रांग होती, तिच्यात आमची एक. मधल्या भिंतीही टिनाच्याच, म्हणजे एका घरी पळी वाजली की दुसऱ्या घरी कळायचं. मी डालड्याच्या डब्यात तुळस लावली होती. रोज सकाळी तिच्या पानांवरची लाल धूळ पुसून मग पाणी घालायची. सकाळी आंघोळ झाल्यावर पूजा होईपर्यंत मी बोलत नसे. सोमवारी तर दिवे लागेपर्यंत मौन. हा नेम माझ्या आईचा, तिच्याकडून माझ्याकडे आलेला. तसंही आमच्या माहेरी सगळेच हळू बोलणारे. लहानपणी आमच्या घरावरून जाणारी माणसं विचारायची, घरात कोणी आहे का नाही.

पण मौनाचे दिवस सोडून बाकीचे दिवस मी बोलत होते. यांच्याशीच बोलत होते, आणि हे उत्तर देत नव्हते.

कधीपासून ते नेमकं सांगता येत नाही. चुलीपाशी बसून विचारावं, भाकरी करू का भात, तर हे आपले भिंतीकडे बघत. पाणी तापलंय म्हणावं, तर उठत नसत. मग मी विचारायचं कमी केलं. कामावरून येणारा माणूस थकलेला असतो, त्याला काय सारखं विचारायचं. पण आमच्या शेजारच्या सत्यशीलाबाई रांगेच्या नळावरून ओरडायच्या, "काय भाऊजी, आज लवकर सुटले? मालकाची सोयरीक जुळली का?" तर हे हसून म्हणायचे, "सोयरीक नाही बाई, पत्रे संपले." त्यांच्या दोन शब्दांवर हसत होते. माझ्या दोन शब्दांवर साधी मानही हलवत नव्हते.

आम्हाला मूल नव्हतं. अशा घरात बाई काय काय मनात आणते, ते सांगत बसत नाही.

श्रावण संपला तेव्हा एके दिवशी हे जेवत होते आणि मी तव्यावरची भाकरी उलटत होते. पाठमोरीच विचारलं, "मी माहेरी जाऊ का? चार दिवसांसाठी नाही. तिकडेच राहीन म्हणते. भाऊ नेईल."

यांनी घास संपवला. पाणी प्यायले. तोंड पुसलं आणि बाहेर बाजेवर जाऊन पडले.

मी भाकरी तव्यावरच राहू दिली. एवढं मोठं विचारलं आणि माणूस नुसता उठून जातो, म्हणजे तेच उत्तर. तुमसरला जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईबरोबर मी देवाजीला, माझ्या धाकट्या भावाला, निरोप धाडला. दसरा झाला की येऊन घेऊन जा.

देवाजी उद्या सकाळच्या पॅसेंजरनं येणार, अशा दिवशी कॅम्पात सिनेमाची गाडी आली.

माझं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं. यांनी कामावरून आल्यावर ते पाहिलं. गाठोड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पाय धुवायला गेले. सत्यशीलाबाई दारात येऊन उभ्या.

"रंभाबाई, चाला! कंदीलवाला लागला आहे मैदानावर."

"मले नाही यायचं. दिवा लावायचा आहे."

"दिवा लावा न् चाला. तुमचे उपास-तापास आमाले जमत नाहीत, आमी बाबासाहेबाच्या मागं गेलो, सुटलो. पण कंदीलवाला आमालेही चालते. कावून तोंड असं करून राहिल्या?"

"थकली मी, बाई."

"मंग तिथं बसूनच राहायचं आहे. उभ्यानं थोडंच पाहायचं?"

त्यांना गाठोडं दिसलं होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, माझा हात मात्र सोडला नाही. मी दिवा लावला, देवाला नमस्कार केला आणि गेले. हे आधीच गेले होते. मला त्याचं नवल वाटलं. वर्षभरात मैदानावर किती सिनेमे आले, हे सुरुवातीचे एक-दोन सोडले तर एकालाही गेले नव्हते. कोणी विचारलं तर म्हणायचे, नव्या सिनेमात काही राम नाही, आता तसे सिनेमे निघत नाहीत.

मैदानावर दोन बांबू रोवून मध्ये पांढरं कापड ताणलं होतं. रीत तुमसरचीच. पुरुष मशीनच्या बाजूला, आम्ही मागच्या बाजूला. बसायला उशीर झाला म्हणून आम्हाला अगदी कडेची जागा मिळाली, बांबूला लागून. तिथून मान तिरपी केली की पडदा दिसायचा, आणि सरळ पाहिलं तर पलीकडची पुरुषांची तोंडं. पडद्याचा उजेड त्यांच्यावर पडत होता. दुसऱ्याच रांगेत हे बसले होते. गुडघ्यांभोवती हात बांधून, हनुवटी वर करून. मी त्यांना असं समोरून कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. गाल आत गेले होते.

सिनेमा सुरू झाला. काय सांगू, मला वाटलं होतं मन लागणार नाही. पण ती मुलगी नावेतून उतरली, मागे न बघता चालायला लागली, आणि नावेत तो कंदील तसाच जळत राहिला, तेव्हा बायकांत सगळीकडे एकच हुंकार उठला. पाठ असलेल्या गोष्टीचाही असा हुंकार येतो. माझ्या मागची एक म्हातारी म्हणाली, "विसरली वं बयो, विसरली!" तिची सून म्हणाली, "आत्याबाई, दर वेळीच विसरते ती." म्हातारी म्हणाली, "म्हणून तं दर वेळी येतो मी."

आजकालच्या सिनेमात मुलगा-मुलगी झाडांभोवती पळतात, घोडे येतात, बंदुका येतात. या सिनेमात काहीच येत नव्हतं. वैद्य चूर्ण कुटत होता. नावाडी नावेला डांबर लावत होता. दोन चांगली माणसं एकमेकांची वाट पाहत होती आणि वाट पाहण्याला लाजत होती, बस. पण दिवसभर धूळ खाल्लेल्या त्या मैदानाला तेवढंच हवं होतं. मीही सुस्कारा टाकला. उद्या सकाळी जायचंच आहे, तर आज पाहून घेऊ.

गाणं लागलं. नावाडी एकटाच नावेत बसून गातो, ते. दुसरं कडवं सुरू झालं आणि भोंग्यातून खरखर आली, एकदा किंचाळल्यासारखं झालं, आणि आवाज गेला.

चित्र चालू होतं. नावाड्याचे ओठ हलत होते. सगळे पुरुष मागं वळून मशीनकडं बघायला लागले. एकानं लांब शिट्टी मारली. कोणी ओरडलं, "आवाज! अबे आवाज!" मशीनवाला ओरडला, "अरे भाई, दो मिनट!" मला पलीकडं नुसत्या पाठीच दिसत होत्या. शेकडो पाठी, आणि त्यांच्यात एकच तोंड पडद्याकडं वळलेलं.

हे बघत होते. यांच्या तोंडावर हसू होतं. यांचे ओठ नावाड्याच्या ओठांबरोबर हलत होते, आणि बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. शिट्टी वाजली तसे हे आणखी हसले. गाण्याला शिट्टी पडली असं त्यांना वाटलं असावं. न वाजणाऱ्या गाण्याला हे माझ्यासमोर ठेका देत होते.

शेजारच्या माणसानं कोपरानं ढोसलं. यांनी त्याच्याकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. हसू गेलं. मग सगळ्यांसारखीच मान मागं वळवली आणि सगळ्यांनंतर, एकट्यानंच ओरडले, "आवाज!"

मी पदराचा बोळा तोंडात धरला. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "काय झालं वो?" मी मान हलवली, काही नाही.

तो भोंगा काही दुरुस्त झाला नाही. मशीनवाल्यानं विचारलं, बंद करू का? तर पुरुषांतून आरडाओरडा झाला, बंद कावून, चालू दे, आमाले पाठ आहे. आणि खरंच पाठ होता. वैद्य पडद्यावर तोंड उघडायचा आणि मैदानातून कोणी तरी त्याचं वाक्य म्हणायचं. मुलीचं बोलणं आमच्याकडची ती म्हातारी म्हणत होती, पोरींची हसून पुरेवाट झाली. गाणी सगळ्यांनी मिळून म्हटली. नागपूर-भंडाऱ्याकडचे, इथले छत्तीसगडचे, सगळे एका सुरात आणि सगळे बेसूर. नावाड्याची वाक्यं दोघं-तिघं म्हणत होते, त्यात यांचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. तो फार मोठा होता. आणि बाकीच्यांच्या अर्धं वाक्य पुढं.

मी सिनेमा पाहत नव्हते. मी मागचं वर्ष पाहत होते. चुलीपाशी पाठमोरी बसून केलेली माझी एकेक विचारणा. पदर तोंडावर घेऊन बोललेला एकेक शब्द.

परतलो तेव्हा रांगेत घरोघरी जेवणाची भांडी वाजत होती. हे दारापुढं बादलीत पाय धूत होते, माझ्याकडं पाठ. मी त्यांच्या मागं उभी राहिले. मला खात्री करायची होती, आणि असा शब्द हवा होता की ऐकला तर माणूस वळल्याशिवाय राहणार नाही. मी लग्नापासून तो शब्द उच्चारला नव्हता. उखाण्यात घेतला असेल तेवढाच. देवाची मनात क्षमा मागितली आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं,

"केवलराम."

हे पाय धूत राहिले.

"केवलराम," मी पुन्हा म्हटलं.

पायावर पाणी पडत राहिलं. टिनाच्या भिंतीपलीकडं मात्र सत्यशीलाबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

मी यांना आत नेलं. चिमणीचा दिवा मध्ये ठेवून समोर बसले. हे गाठोड्याकडं बघत होते. मी पदर खाली केला, हनुवटी वर केली आणि जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "तुमाले ऐकू येत नाही!"

माझा तो आवाज मलाच ओळखू आला नाही.

यांनी गाठोड्यावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "येते. मोठ्यानं बोललं की येते. कानात भुंगा बसल्यावानी आहे. सारखा घोंघावते. त्याच्या वरचं असलं तं येते."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"काय?"

"सांगतलं कावून नाही!"

"कोणाले सांगू? वर चढल्यावर खालून शिट्टीवर इशारा देतात. एवढ्या ठोकाठोकीत ती शिट्टी ऐकू येत नाही म्हटलं तं उद्यापासून घरी. मी बाजूच्याच्या हाताकडे पाहून काम करून राहिलो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अन् तुले कायले सांगू. तू तं बोलणंच सोडलं."

"मी?"

"मले वाटलं तू मौन वाढवलं. पयले सोमवार होता. मंग मंगळवार, बुधवार... म्हटलं धरलं असन मोठं व्रत. पण नळावर शेजारच्या बाईशी बोलताना दिसायची. तवा समजलं, व्रत माझ्यापुरतंच आहे." त्यांनी नखानं जमीन खरवडली. "लेकरू नाही, सुख नाही, या टिनात आणून टाकलं. रागावली असन. व्रत तोडाले कोणी सांगू नये, म्हणून बोललो नाही."

माझ्या तोंडून हसूच फुटलं, ते कसलं म्हणायचं कोण जाणे. वर्षभर मी यांच्या रागाला भिऊन गप्प होत होते आणि हे माझ्या व्रताला मान देऊन.

"भाकरी भाजताना मी विचारलं होतं," मी ओरडून सांगितलं. "माहेरी जाऊ का म्हणून! तुमी उठून गेले!"

यांनी मान वर केली. "मी ऐकलंच नाही." आणि मग, "गाठोडं दिसलं तवा समजलं. आज म्हटलं, कंदीलवाला तरी पाहून घ्यावा. नव्या सिनेमात मले काही समजत नाही, लोकं हसले की मी हसतो. हा सगळा आत आहे." त्यांनी छातीवर हात ठेवला. "यात मले सगळं ऐकू येते. तू डावखुरा म्हणाली होती, तेबी."

पलीकडून सत्यशीलाबाईंचा आवाज आला, "रंभाबाई, जेवून घ्या वो आता! आमीबी जेवतो. ऐकून ऐकून भूक लागली!"

सकाळी देवाजी आला. आंघोळ झाली होती, पूजा व्हायची होती, म्हणून मी बोलत नव्हते. हे कामावर निघायला दारात उभे. देवाजीनं आमच्या घरच्या रीतीनं, खाली बघत, हळूच विचारलं, "भाऊजी, बाईले नेऊ ना मंग?"

यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. काय विचारलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण काय विचारलं असेल ते कळलं होतं. मला हातानं खुणावता आलं असतं. नेम मोडला नसता. पण खुणेनं सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

"मी नाही येत!" मी म्हणाले. रांगेतल्या दोन-तीन दारांतून डोकी बाहेर आली. "ऐकलं का? मी नाही जात!"

देवाजी दचकून एक पाऊल मागं सरला. "बाप्पा! बाई, तुले झालं काय? ओरडून कावून राहिली?"

"ऐकलं," हे म्हणाले. नुसतं तेवढंच. चपला घातल्या आणि थांबले. "मी आज टोळीच्या जमादाराले सांगतो कानाचं. वर नाही चढत म्हणतो. खाली काही दिलं तं दिलं." आणि गेले.

देवाजी दुपारपर्यंत धुसफुसत होता. शेतातलं धान कापायचं टाकून आलो, गाडीत उभ्यानं आलो, आता आईले जाऊन काय सांगू, ओरडून राहिली म्हणून सांगू? मी त्याला जेवू घातलं, वाटेला शिदोरी दिली. पूजेला बसले तेव्हा घसा दुखत होता. देवाला म्हटलं, तुला हळू बोललेलं ऐकू येतं, तू सांभाळून घे. सकाळचं मौन त्या दिवसापासून सुटलं ते सुटलंच. सोमवारचं ठेवलं आहे, पण त्यालाही पूर्वीची गोडी नाही. मौन धरायला मुळात बोलण्याची शक्ती उरावी लागते. दिवसभर मोठ्यानं बोलून माणूस किती थकतं, ते करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

संध्याकाळी हे आले. बाजेवर बसले, चपला काढल्या, तळपाय चोळत राहिले. मी पाणी दिलं आणि समोरच बसले.

"जमादार म्हणे, उद्यापासून सामानाच्या कोठीत बस. हातोडे द्यायचे अन् घ्यायचे." ते जमिनीकडं बघत म्हणाले. "वरची माणसं हसतील. इतकी वर्सं वर चढलो, आता कोठीत."

"बरं झालं," मी म्हटलं.

"काय?"

मी दमले होते. सकाळपासून बोलून गळा सोलवटला होता. मान वर केली, त्यांची नजर माझ्या तोंडावर येईपर्यंत थांबले.

"बरं झालं म्हटलं! बरं झालं!"

यांनी मान हलवली. टिनापलीकडून सत्यशीलाबाईंनी विचारलं, "काय बरं झालं वो रंभाबाई?"

मग त्यांनाही सांगितलं.